खैरे बाईंचा चुकीचा तीनताल

नाटक शिकायला गेलेल्या मुलीला पहिल्याच संध्याकाळी कुणी "चप्पल काढ, ओढणी कमरेला बांध आणि फक्त उजवा खांदा हलवून दाखव" असं फर्मावलं, तर तिनं काय समजावं? मी समजले, आपला पत्ता चुकला. मागच्या मागे सटकायला निघाले, तर हॉलच्या त्या टोकाकडून आवाज आला, "ए भिया, कहाँ चली? नाटकाचा क्लास हाच आहे. तोंडाचं मग बघू, आधी खांदा दाखव."

मला आजवर कुणी भिया म्हटलं नव्हतं. इंदुरात भिया म्हणतात ते पानवाल्याला, टेंपोवाल्याला, फार तर शेजारच्या दादाला. पण खैरे बाईंच्या लेखी सगळं जगच भिया. मुलगे भिया, मुली भिया, मंडळाचे अध्यक्षसुद्धा भिया. एकट्या नवऱ्याला तेवढं "अहो" म्हणायच्या. मी परत आले आणि खांदा हलवला. खांद्याबरोबर मान हलली, कोपर हललं, कंबरही निघाली.

"बघा," बाई सगळ्यांना म्हणाल्या, "हे आपल्या लोकांचं अंग. एकत्र कुटुंब! एक निघाला की सगळे निघाले, पिशव्या घेऊन. जॅझमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खोली लागते. मान वेगळी, खांदा वेगळा, कंबर वेगळी."

"आणि कथकमध्ये?" कुणीतरी विचारलं.

"कथकमध्ये सगळे परत एका पंगतीला. पण आधी भांडून वेगळे तर व्हा!"

आणि हसल्या. बाई हसल्या की आधी पोट हसायचं, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी तोंड. आता हे तर साक्षात जॅझच, पण तेव्हा मला कुठलं कळायला.

आमच्या मराठी मंडळाचा नाट्यवर्ग एका कापड मिलच्या कामगार हॉलमध्ये भरायचा. तिथे आवाजाला एक सर होते, अभिनयाला एक सर होते आणि नाचाला खैरे बाई. बाई बुटक्या, चांगल्या भरभक्कम, पन्नाशीला टेकलेल्या. सलवार-कुडता, पायात घुंगरू. अर्धा क्लास कथकचा. मग घुंगरू सोडायच्या, कपाळाला लावायच्या, पर्समध्ये ठेवायच्या आणि जॅझसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट चढवायच्या. बूट चढले की त्याच बाईंची चाल अशी काही बदलायची की दारात उभा असलेला माणूस विचारायचा, मघाच्या बाई कुठे गेल्या?

हे दोन्ही एका बाईत आलं कुठून, तर महूमधून. वडील तिथल्या फौजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. "आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना आणि संध्याकाळी फॉक्सट्रॉट," बाई सांगायच्या. बँडमास्तरची बायको, डॉली आंटी, व्हरांड्यात पोरांना गोळा करून नाचवायची. तिनं बाईंच्या अंगात जॅझ घातला. मग लग्न होऊन इंदूरला आल्यावर बड़ा गणपतीजवळच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्याच अंगात कथक घातलं. गुरुजींना जॅझचं कळलं तेव्हा ते म्हणे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते खांद्याचं काय असतं, ते जरा दाखव."

बाईंचे नियम थोडे, पण कडक. आरसा नाही. "आरशात बघून नाचणारा स्वतःलाच आवडतो, पब्लिकला नाही." खाऊन यायचं नाही, पण क्लास सुटल्यावर पोहे खाल्ल्याशिवाय घरी जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, एकदा सुरू केलं की सम येईपर्यंत थांबायचं नाही. पाय मुरगळो, घुंगरू तुटो, छत कोसळो. "सोळा मात्रा फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर आलात, की तिथे बेहोश पडा. माझी परमिशन आहे. अधेमधे पडायचं नाही."

आमच्यात एक फणसे होता. बँकेत कारकून, आवाज असा की काउंटरवर "नेक्स्ट" म्हटलं की लोक बाहेर फुटपाथवर पुढे सरकायचे. त्याला हिरो व्हायचं होतं, नाच अजिबात नको होता. बाईंनी त्याला स्वगत म्हणायला लावलं आणि त्याच वेळी फक्त छाती डावी-उजवी करायला सांगितली. झालं! पठ्ठ्याचं सगळं लक्ष छातीत. ओरडायला जागाच उरली नाही. जन्मात पहिल्यांदा तो माणसासारखा बोलला, आणि ते स्वगत ऐकून आमच्यातल्या दोघी रडल्या. फणसेही रडला, पण तो म्हणे बरगड्या दुखल्या म्हणून.

बाईंचा होमवर्क असायचा 'चाल आणणे'. बाजारात जायचं, एका माणसाच्या मागे चालायचं, त्याची चाल अंगात भरून दुसऱ्या दिवशी आणायची. कुणी भाजीवालीची चाल आणली, कुणी दूधवाल्याची. मी आमच्या मामींची आणली, त्यावरून घरात महाभारत झालं, ते जाऊ द्या. फणसेनं डोकं चालवलं आणि एका हवालदाराच्या मागे लागला. हवालदार पोट पुढे काढून, काठी मागे धरून चालतोय आणि त्याच्या मागे फणसे, पोट पुढे, छत्री मागे. चौकातली पोरं हसायला लागली. हवालदारानं मागे वळून बघितलं आणि धरली की कॉलर!

चौकीतून मंडळात फोन आला. अध्यक्ष घाबरून घामाघूम. बाई उठल्या, बूट घातले आणि मला घेऊन थेट चौकीवर. आत दरोगाजी, समोर हवालदार, बाकावर फणसे.

"ये आपका लड़का है? वर्दी का मज़ाक उड़ा रहा था," दरोगाजी म्हणाले.

"मज़ाक नहीं साहब, पढ़ाई कर रहा था," बाई म्हणाल्या. "बरोबर केलं की नाही ते आपणच तपासा. फणसे, चल के दिखा."

'अधेमधे थांबायचं नाही' हे फणसेच्या हाडात मुरलेलं. चालला. दरोगाजींनी एकदा फणसेकडे बघितलं, एकदा हवालदाराकडे. ओठ चावले. मग त्यांचं काही चालेना, टेबलावर डोकं ठेवून ते हसायला लागले. "अरे शर्मा, तू तो सच में ऐसा ही चलता है रे!" बाईंनी मात्र फणसेला तिथल्या तिथे झापलं. "चूक आहे. त्यांचा डावा पाय थोडा बाहेर पडतो. नीट बघितलं नाहीस." आणि शर्माजींना हात जोडून म्हणाल्या, "भिया, एक बार फिर चलेंगे?" शर्माजी चालले हो! चहासुद्धा पाजला.

हे सगळं हसण्यावारी नेणाऱ्या बाई एकाच गोष्टीपाशी अडायच्या, आणि ती गोष्ट म्हणजे खैरे काका.

काका त्याच मिलमध्ये विणाईखात्यात होते आणि क्लासला तबला वाजवायचे. मी आले त्या वर्षी वाजवत होते. उंच, हडकुळे, कानावर विडी. ताल चुकला की तबल्यावरचा हात काढून तुमच्याकडे नुसतं बघायचे. त्या बघण्याला आम्ही बाईंच्या ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायचो. मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. भोंगा थांबला. त्या भोंग्यावर आमचा अख्खा भाग उठायचा, जेवायचा, क्लासला यायचा. भोंगा गेल्यावर सगळेच उशिरा येऊ लागले. हॉल तेवढा रखवालदाराच्या मेहेरबानीनं उघडा राहिला.

काकांनी तबला-डग्गा कापडात गुंडाळून पलंगाखाली सारला. क्लासला येईनात. बाईंनी त्यांच्या जागी एक टेपरेकॉर्डर आणला. बरं, काका दारू पीत नव्हते, चिडत नव्हते, कुणाला शिव्या देत नव्हते. तसं काही असतं तर बाईंनी निभावलं असतं. ते फक्त "बरोबर आहे" म्हणायचे. भाजीत मीठ नाही, बरोबर आहे. केबलवाला जास्त सांगतो, बरोबर आहे. देशात आता सगळं नवीन येणार म्हणतात, बरोबर आहे.

"इतकी वर्षं झाली लग्नाला," बाई एकदा घुंगरू सोडताना म्हणाल्या, "आम्ही लयीवरून भांडलो नाही असा एक दिवस गेला नाही. हे म्हणणार तू पळतेस, मी म्हणणार तुम्ही झोपता. आता नवरा माझं सगळं ऐकतो. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस. मला तर रडूच येतं, भिया." आणि खरंच आलं. पण लगेच नाक पुसून म्हणाल्या, "एक दिवस यांना तबल्यावर बसवीन, नाहीतर नावाची प्रमिला नाही. चला, बूट घाला."

त्यासाठी बाईंनी काय काय केलं, विचारू नका. अख्खा क्लास घरी नेला. दीड खोलीत आम्ही दहाजण, शेल्फावर बुद्धाची मूर्ती, त्याखाली काका. काका भडकावेत म्हणून आम्ही मुद्दाम वाईट नाचायचं होतं. माझ्या बाबतीत 'मुद्दाम' म्हणायची गरज नव्हती. आम्ही असे नाचलो की खालचा भाडेकरू वर आला. काकांनी आम्हाला आपल्या हातानं पोहे वाढले, वर शेव टाकली आणि म्हणाले, "छान."

मग एका सकाळी बाईंनी शेवटचं अस्त्र काढलं. काका चहा पीत असताना समोर बसून, हातानं टाळी देत, मोठ्यांदा तीनताल म्हटला आणि सोळाच्या जागी पंधराच मात्रांत संपवला. तबलजीच्या घरात! म्हणजे भटजीसमोर आरती मधूनच सोडून देण्यातला प्रकार. विचारलं, "अहो, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," काका म्हणाले.

त्या दिवशी बाईंनी क्लास घेतला नाही. हॉलच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांना तसं बसलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं. फणसेनं हवालदाराची चाल चालून दाखवली, तरी हसल्या नाहीत.

मंडळाचं वार्षिक नाटक आलं. आमच्यातल्याच एका लेखकानं लिहिलेलं, अगदी ताज्या जमान्याचं. पहिल्या अंकात एका उद्योगपतीच्या बंगल्यावर पार्टी. उद्योगपती झाला फणसे. मुली स्लीव्हलेसमध्ये, मुलगे भाड्याच्या कोटात, हातात सरबताचे पेले, आणि बाईंनी बसवलेला जॅझ. नाच खरंच झकास बसला होता. मी सगळ्यात मागच्या रांगेत, एका कुंडीशेजारी. कुंडी माझ्यापेक्षा बरी दिसत होती.

प्रयोगाला बाईंनी काकांना तिसऱ्या रांगेत आणून बसवलं. "चला म्हटलं, आले," बाई म्हणाल्या. "नाही म्हणायचंच विसरलेत ना."

हॉल खचाखच. निम्मे प्रेक्षक मिलच्याच घरांतले. पडदा उघडला, सॅक्सोफोन सुरू झाला, आम्ही ऐटीत आत आलो. चार पावलं झाली असतील नसतील, टेपनं "घुंऽऽई" असा आवाज काढला आणि कॅसेटची फीत आत गुंतून बसली. विंगेत बाई कॅसेटमध्ये पेन्सिल घालून गरागरा फिरवतायत. स्टेजवर शांतता.

दुसरी कुठलीही पोरं थांबली असती. पण आमच्या हाडात काय मुरलं होतं? अधेमधे थांबायचं नाही! मग संगीत नाही तर मोजून नाचू. तोंडानं, मोठ्यांदा. आता गंमत अशी की जॅझमध्ये आधी "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणून घेतात आणि मग पाऊल उचलतात. कथकमध्ये "धा" म्हटला की निघालंच. बाईंनी आम्हाला दोन्ही शिकवलेलं. घाबरल्यावर निम्म्यांच्या तोंडून इंग्रजी आलं, निम्म्यांच्या तोंडून बोल. "फाइव्ह सिक्स" वाले उभे आणि "धा धिन धिन धा" वाले सुटले! उद्योगपतीच्या बंगल्यावरचे साहेब-मेमसाहेब एकमेकांवर आदळतायत, वर एकमेकांना मात्रा सांगतायत. फणसेच्या पेल्यातलं लाल सरबत त्याच्या नाटकातल्या बायकोच्या अंगावर. मी कुंडीला धरून उभी.

"अरे ए!"

तिसऱ्या रांगेत काका उभे होते. 

"अरे काय लावलंय काय हे? सम कुठे गेली? मोजता येत नाही धड आणि पार्ट्या करताय? लाज वाटत नाही, गाढवांनो?"

 आणि मग जी टाळी पडली म्हणता! लोकांना वाटलं, नाटकच आहे. बंद मिलचा कामगार शेठजीच्या पार्टीत घुसला! मागच्या रांगेतून शिट्ट्या. "बोल दादा, बोल! बराबर बोला!" अध्यक्ष शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, "काय प्रसंग लिहिलाय आमच्या माणसानं!" आणि लेखक, विंगेत, मान झुकवून ते श्रेय घेत होता.

काकांचं यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. ते तरातरा पुढे आले, स्टेजच्या लाकडी कडेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "सरळ उभे राहा सगळे. माझ्याकडे बघा." आणि लाकडावर तीनताल सुरू केला. हातानं ठेका, तोंडानं बोल. काय वाजवला म्हणून सांगू! त्या फळीतून गोडवा निघत होता. आम्ही निघालो. खांदे जॅझचे, ताल काकांचा. प्रेक्षक टाळी द्यायला लागले, आणि मिलच्या माणसांना भजनाची सवय, एक टाळी वाकडी पडेना. मीसुद्धा चुकले नाही. सगळे एकदम समेवर आलो, फणसेनं हात वर फेकले आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

मी विंगेत बघितलं. बाईंच्या गळ्यात कॅसेटच्या फितीची वेटोळी, हातात पेन्सिल, डोळ्यांतून धारा, आणि बाई नाचत होत्या. एकट्याच, अंधारात, घुंगरू नाहीत, बूट नाहीत. इतका आनंद मी कुणाच्या अंगात मावताना पाहिलेला नाही.

अंक संपल्यावर काका विंगेत आले. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो.

"हे शिकवलंस तू यांना? दोन दोन घरची मोजणी?"

"मग यायचं होतं की शिकवायला!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुम्ही पलंगाखाली तबला सारून बसणार आणि माझी पोरं—"

"दुसऱ्या अंकात कथक आहे ना? तेही टेपवर?"

"टेप मेला."

काकांनी बाह्या वर सारल्या. मग फणसेला म्हणाले, "सायकल आहे का रे? माझ्या घरी जा. पलंगाखाली आहे. डग्गा सांभाळून आण, सूर लावायची हातोडी विसरू नकोस." फणसे शेठजीच्या कोटातच पळाला.

ती कॅसेट बाईंनीच मुद्दाम खराब लावली, असं फणसे आजही शपथेवर सांगतो. मी बाईंना एकदा विचारलंही. "पागल आहेस का, भिया? स्वतःच्या शोची वाट लावीन मी?" म्हणाल्या, आणि मग त्यांचं पोट हसायला लागलं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

पुढे हॉललाही कुलूप लागलं. आमच्यातले काही चकाचक आरशांच्या 'वेस्टर्न' क्लासांत गेले, काहींनी नोकऱ्या धरल्या. बाई आणि काका कुठे इंदूरच्याच लालबागच्या मैदानात, कुठे कुणाच्या गच्चीवर पोरं गोळा करून शिकवत राहिले. मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघं इंदूरजवळच्या सांवेर गावातल्या एका शाळेत जातात आता शिकवायला. मला फार वाईट वाटलं. न भेटता जायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी टेंपोतून स्टेशनकडे निघाले होते, ट्रंक पायांशी. सिग्नलला टेंपो थांबला. शेजारी एक लूना येऊन उभी राहिली, आणि चालवायला खैरे बाई! पन्नाशीत शिकल्या होत्या गाडी. मागे काका, मांडीवर डग्गा, गळ्यात अडकवलेल्या पिशवीत तबला, आणि तोंड बाईंच्या कानाशी.

"मी सांगतो, नाचातला दुसरा तुकडा तू पळवतेस! काल पोरं धापा टाकत होती!"

"तुम्हीच झोपलात!"

"मी झोपलो? मी? थांबव गाडी, इथेच हिशेब होऊ दे!"

सिग्नल हिरवा झाला. मागून ट्रक, रिक्षा, दूधवाले, सगळे हॉर्न वाजवतायत. एक जण ओरडला, "अरे अम्मा, घर जा के लड़ना!" पण लूना जागची हलेना. काका डग्ग्यावर तो तुकडा वाजवून दाखवत होते, बरोबर कसा तो.

"बाई!" मी टेंपोतून ओरडले. "बाई, मी चाललेय पुण्याला!"

बाईंनी वळून बघितलं. मला ओळखलं, पण पुण्याचं काही त्यांना ऐकू गेलं नसावं. चेहरा असा फुललेला, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. मागे वाजवणाऱ्या काकांकडे अंगठा करून त्या मला ओरडून म्हणाल्या, "बघ गं, भिया! कसे भांडतायत माझ्याशी!"